आधी घराने ऐकावं

लग्नघरात हे दृश्य हमखास दिसतं. सहा-सात वर्षांची मुलगी आईच्या पदराआड लपलेली असते आणि भोवतालची मंडळी तिला लांबच्या कुठल्याशा मामांकडे ढकलत असतात. ‘जा गं, मामांना पापी दे. अशी काय करतेस? किती लांबून आलेत!’ ती अंग चोरते. मग कुणीतरी तिला उचलून मामांच्या मांडीवर ठेवतं आणि सगळे हसतात. त्या मामांच्या मनात बहुधा काही वावगं नसतंच. मुलगी मात्र तेवढ्यात शिकून जाते, की आपल्याला नको वाटणं मोठ्यांच्या खिजगणतीत नाही, आणि प्रसंग आला तर आपली माणसं आपल्या बाजूने नसतात.

बालकांच्या लैंगिक शोषणाला आळा घालण्याचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो. अनोळखी माणसाची भीती आपण मुलांना पुरेशी घालतो. पण केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ सालचा अभ्यास वेगळंच सांगतो. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींपैकी ५३ टक्क्यांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. ‘मुलगा आहे, त्याला काय होतंय’ म्हणणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावं. शोषण करणारे निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी हे तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

ती का सांगत नाहीत, असं आपण विचारतो. मला वाटतं, पुष्कळदा ती सांगतात. फक्त आपल्याला हव्या त्या भाषेत सांगत नाहीत. ‘मला त्या क्लासला नाही जायचं.’ ‘तो दादा आला की मी आजीकडे झोपणार.’ कधी नुसतं पोट दुखतं, कधी सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. अशा प्रत्येक तक्रारीमागे शोषणच असतं असं नाही. पण ‘नाटकं करू नकोस’ या उत्तराने चौकशीचं दारच बंद होतं. त्यात शरीराच्या खाजगी अवयवांची नावं घरात उच्चारलीच जात नसतील, तर मुलाने सांगायचं तरी कशात?

शोषण करणाऱ्याला घाई नसते. तो आधी घरच्यांचा विश्वास मिळवतो, मुलाचे लाड करतो आणि मग ‘हे आपल्या दोघांतच’ असं गुपित तयार करतो. म्हणून ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. तो धडा हवाच. पण जिव्हाळ्याच्या माणसाचा स्पर्श मुलाला लगेच वाईट वाटेलच असं नाही, आणि नंतर उमगलं की ते स्वतःलाच दोषी धरतं. कुठल्याही मोठ्या माणसाने घरापासून लपवायला सांगितलेली गोष्ट घरी सांगायचीच, हे त्याला त्याआधीच ठाऊक असायला हवं. शिवाय राखणीचं काम सात वर्षांच्या जिवावर सोपवून आपण मोकळे कसे होणार?

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आलेल्या, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याने ही जबाबदारी मोठ्यांवरच टाकली आहे. गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. सद्हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या लैंगिक अत्याचाराची तक्रार नोंदवून घ्यायलाच तासन्‌तास लागले. पुढे लोक रेल्वे रुळांवर उतरले, फाशीच्या घोषणा झाल्या. तो संताप मला समजतो. पण शिक्षा गुन्ह्यानंतर येते. त्याआधीच्या खबरदारीसाठी शाळांमध्ये सखी सावित्री समित्या नेमण्याचा शासन निर्णय २०२२ चा आहे. आपल्या मुलाच्या शाळेत ती समिती आहे का, शेवटची कधी बसली, शिपायापासून बसचालकापर्यंत सर्वांची पडताळणी होते का, हे पालकसभेत विचारायला मोर्चा लागत नाही.

घरातली अडचण याहून अवघड आहे. तिथे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणणारे वडीलधारे असतात. मुलीचं लग्न, भावाभावांतले संबंध, सासरची अब्रू, सगळं त्या मुठीत. ती झाकली की तोच माणूस पुढच्या सणाला पुन्हा पाटावर बसतो आणि मूल त्याला वाढतं. याला मी घराणं सांभाळणं म्हणणार नाही.

मुलाने तोंड उघडलं, तर पहिली काही मिनिटं फार मोलाची असतात. ‘आधी का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न गिळावा. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही’ एवढं म्हणावं आणि खोदून खोदून विचारू नये. त्या माणसाला मुलापासून ताबडतोब दूर ठेवावं. मग १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा पोलीस. मुलाला ठाण्यात न्यावं लागेल म्हणून पालक कचरतात; पण त्याचा जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसावा असं कायदाच सांगतो.