करंडक आणि आपली मराठी

कारंजा नदीतला निसरडा दगड घासला, तर बोटाला तपकिरी थर लागतो. त्यात डायटम नावाची एकपेशीय शैवले असतात. मराठीत त्यांना करंडक म्हणतात, आणि नाव अगदी नेमके आहे: सिलिकाचे काचेसारखे कवच, कुंकवाच्या करंड्यासारखे, तळ आणि झाकण असलेले. एच. पी. गांधी यांनी १९५९ साली पन्हाळगडावरच्या करंडकांचे वर्णन प्रसिद्ध केले. जात ओळखायची ती मुख्यतः कवचाच्या आकारावरून आणि नक्षीवरून.

पण नक्षी पाण्याप्रमाणे बदलते! सायक्लोटेला क्रिप्टिका ही मचूळ पाण्यातली जात. मीठ कमी केले की तिची कवचे मेनेघिनियाना या दुसऱ्या जातीसारखी दिसू लागतात, असे १९७१ साली एका अभ्यासात दिसून आले. नुसते कवच पाहून निवाडा देणारा येथे फसेल.

१९५६ साली बीदर, गुलबर्गा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. आमच्या मुलांच्या मराठीत कन्नडचा हेल आला. पलीकडचे पाहुणे तिला 'अशुद्ध' म्हणतात. हेल बदलला म्हणून भाषा परकी झाली, हे कोणी ठरवायचे?

तरी 'परिस्थितीच तशी' ही सबब मला सरसकट मान्य नाही. करंडकाला पाणी निवडता येत नाही. घरात मुलांशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे आपण निवडतो. इंग्रजी शाळेच्या हौसेपायी घरातली मराठी सोडणाऱ्यांनी कन्नडला बोल लावू नये.

आमच्या शाळेतल्या मुली मैदानावर कन्नडमध्ये भांडतात आणि मराठीत समेट करतात. त्यात काय बिघडले, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.