उडीचा दुसरा अर्धा भाग

सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी 1960च्या दशकात ठोकळ्यावरून खाली येऊन पाय टेकताक्षणी उसळी घेण्याचा व्यायाम पुढे आणला. आघातानेच स्नायूंना चेतवायचं, ही त्यामागची कल्पना. तो मुरलेल्या, ताकदवान खेळाडूंसाठी होता. 1975मध्ये अमेरिकेत फ्रेड विल्ट यांनी अशा व्यायामांना ‘प्लायोमेट्रिक्स’ हे नाव दिलं आणि ते सगळीकडे पसरले. पसरताना मूळ अट मात्र गळाली, आणि ठोकळा किती उंच यालाच महत्त्व आलं. 1987मध्ये नेदरलँड्समध्ये बॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी या उड्या नीट मोजल्या. खोल बसून घेतलेल्या उडीपेक्षा चटकन उसळलेल्या उडीत गुडघ्याने आणि घोट्याने जास्त शक्ती दिली. पण 20, 40 आणि 60 सेंटिमीटर उंचीवरून उतरवून पाहिलं, तेव्हा 60ला टाचा जमिनीवर आदळू लागल्या आणि सांध्यांवरच्या बलाने एकदम उसळी घेतली. मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं. भार स्नायूंच्या आवाक्याबाहेर कधी गेला, हे इथे टाचच सांगते.

यामागचं गणित सोपं आहे. 50 सेंटिमीटरवरून येणारा माणूस सेकंदाला सुमारे 3.1 मीटर वेगाने जमिनीला भिडतो. शरीर 10 सेंटिमीटरमध्ये थांबवलं तर जमिनीकडून सरासरी वजनाच्या सहापट बल येतं. 40 सेंटिमीटर घेतले तर सव्वादोनपट. ‘मग मऊ उतरायला शिकवलं की उसळी मरेल,’ असा आक्षेप प्रशिक्षक घेतात. एकाच उडीपुरता तो खरा आहे. गुडघे खोल वाकले की जमिनीवरचा वेळ वाढतो, चपळाई जाते. पण व्हॉलीबॉलमध्ये ब्लॉक करून खाली येणं आणि स्मॅशसाठी उसळणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात थांबायचं असतं, दुसऱ्यात परतायचं. दोन्हींना वेग पेलणारे स्नायू लागतात. 1996मध्ये ह्युएट आणि सहकाऱ्यांनी व्हॉलीबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलींना सहा आठवडे उतरण्याच्या तंत्रावर भर देऊन उड्यांचा सराव दिला. ब्लॉकनंतरचा सर्वोच्च आघात 22 टक्क्यांनी उतरला आणि उडी सुमारे 10 टक्क्यांनी वाढली. मुली अकराच होत्या, आणि तंत्राचा वाटा किती व ताकदीचा किती हे त्यातून वेगळं काढता येत नाही. तरी आघात कमी करायचा तर उडीवर पाणी सोडावं लागतं, हा समज त्यापुढे टिकत नाही.

आघात हवाच, नाहीतर हाडं आणि कंडरा बळकट कशा होणार, असंही म्हटलं जातं. हवाच, पण तो स्नायूंनी झेललेला हवा. आत कोसळणाऱ्या गुडघ्याच्या अस्थिबंधांनी नव्हे. म्हणून आधी थांबायला शिकवावं: चवड्यावर उतरून टाच हळूच टेकवणं, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, आवाज कमीत कमी. चटकन उसळी त्यानंतर. मुलांना उड्या शिकवणाऱ्यांनी उद्या सरावात एवढं करावं: टाचेचा धप्प आवाज आला की ठोकळा बदलून कमी उंचीचा घ्यावा.