आर50 की झेडव्ही-ई10: पहिला मिररलेस कॅमेरा निवडताना

डीएसएलआर कॅमेऱ्यात आरसा होता म्हणून व्ह्यूफाइंडर होता. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर जाई आणि डोळ्यापर्यंत पोहोचे. स्वस्तातल्या स्वस्त डीएसएलआरलाही ही सोय टाळता येत नसे. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा गेला आणि ही सक्तीही गेली. सेन्सरवर पडलेले चित्र थेट मागच्या स्क्रीनवर दिसते. व्ह्यूफाइंडर हवाच असेल, तर आणखी एक चिमुकला स्क्रीन आणि त्याची भिंगे वेगळी बसवावी लागतात, म्हणजे जागा आणि खर्च दोन्ही वाढतात. पॅनासॉनिकच्या 2008 मधल्या जी1 मध्ये व्ह्यूफाइंडर होता. पुढच्याच वर्षी आलेल्या जीएफ1 मधून तो काढून टाकला गेला. तेव्हापासून मिररलेसच्या प्राथमिक श्रेणीत काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे प्रत्येक कंपनी आपला ग्राहक कोण याचा अंदाज बांधून ठरवत आली आहे.

कॅननचा ईओएस आर50 (फेब्रुवारी 2023) आणि सोनीचा झेडव्ही-ई10 (जुलै 2021) हे दोन कॅमेरे म्हणजे असे दोन वेगळे अंदाज आहेत. नवख्या ग्राहकाच्या यादीत मात्र ते शेजारीशेजारी येतात, कारण कागदावर त्यांच्यात फरक कमी. दोन्हींचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा आणि 24.2 मेगापिक्सेलचा. दोन्ही 4के चित्रीकरण करतात. बॉडीतले स्थिरीकरण दोन्हींत नाही, पाण्या-धुळीपासून संरक्षण नाही आणि कार्डाची जागा एकच. कोष्टकात ओळीमागून ओळ सारखीच निघाली की ग्राहक एखाद्या मोठ्या आकड्यावर बोट ठेवतो आणि मोकळा होतो.

ज्या आकड्याची चर्चा सर्वाधिक होते तो, म्हणजे सेन्सर, इथे निर्णायक नाही. सोनीचा सेन्सर 23.5 बाय 15.6 मिलिमीटर, कॅननचा 22.3 बाय 14.9. क्षेत्रफळात दहा टक्क्यांचा फरक पडतो. प्रकाशाच्या हिशेबात तो एका स्टॉपचा सातवा हिस्सासुद्धा भरत नाही. दोन्हींचे चित्र 6000 बाय 4000 पिक्सेलचे, म्हणजे 300 डीपीआयने छापले तर 20 इंच रुंद. एकाच प्रकाशात, सारख्याच लेन्सने काढलेले फोटो शेजारी ठेवले तर कुठला कोणाचा हे मुरलेल्या छायाचित्रकारालाही सहज सांगता येणार नाही.

सलग फोटो घेण्याचा वेग हा दुसरा लाडका आकडा. कॅनन सेकंदाला 15 फोटो घेतो, सोनी 11. क्रिकेट किंवा पक्षी टिपायचे असतील तर कॅनन सरस, असे यावरून वाटते. पण कॅननची तात्पुरती स्मृती लहान आहे. या वेगाने रॉ फाइल्स घेतल्या, तर सेकंद उलटण्याआधीच ती भरते आणि कॅमेरा अडखळतो. सोनी त्याच्या कमी वेगाने चारेक सेकंद तग धरतो. कोष्टकात वेग असतो. तो किती वेळ टिकतो याची ओळ सहसा नसते.

खरा फरक व्ह्यूफाइंडरपासून सुरू होतो. आर50 मध्ये तो आहे, झेडव्ही-ई10 मध्ये नाही. मे महिन्यात भर दुपारी एखाद्या किल्ल्याच्या माचीवर कॅमेरा काढला, की मागच्या स्क्रीनवर आपलाच चेहरा आणि आभाळ दिसते. चौकटीच्या कडेला कोणाचा हात कापला जातो आहे हे कळत नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की हा प्रश्न मिटतो. शिवाय कॅमेरा दोन हातांबरोबर कपाळालाही टेकतो, त्यामुळे कमी उजेडात हात हलून फोटो बिघडण्याचे प्रमाण घटते. ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांना आणखी एक फायदा आहे: हातभर अंतरावरचा स्क्रीन पाहायला चष्मा शोधावा लागतो, व्ह्यूफाइंडरशेजारची चकती फिरवून मात्र नंबर जुळवता येतो. याबदल्यात वजन किती वाढते, तर बॅटरी आणि कार्डासह आर50 भरतो 375 ग्रॅम आणि झेडव्ही-ई10 343. बत्तीस ग्रॅममध्ये व्ह्यूफाइंडर आणि वर उघडणारा छोटा फ्लॅश मिळतो, हा सौदा फोटोसाठी कॅमेरा घेणाऱ्याला वाईट नाही.

पण कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलणाऱ्याला व्ह्यूफाइंडरचा उपयोग शून्य. सोनीने नेमके हेच हेरले. झेडव्ही-ई10 च्या माथ्यावर तीन कॅप्सूलचा मायक्रोफोन आहे आणि वाऱ्याचा घोंघाट अडवणारे केसाळ टोपण खोक्यातच मिळते. बाहेरचा माइक दोन्हींना जोडता येतो; हेडफोन मात्र फक्त सोनीला. ही सोय क्षुल्लक वाटते, पण मुलाखत संपल्यावर माइकची पिन अर्धीच बसली होती हे कळले तर ती मुलाखत पुन्हा होत नाही. कॅननच्या बाजूला स्पर्शाने चालणारा संपूर्ण मेनू आहे. मोबाइलवर वाढलेले हात त्याला लगेच सरावतात. झेडव्ही-ई10 मध्ये स्पर्शाने फोकस देता येतो, पण मेनूत शिरले की बटणांचाच आधार, आणि तो मेनू सोनीचा जुना, एकात एक दडलेला. चेहरा आणि डोळा दोन्ही कॅमेरे नेमका पकडतात. आर50 त्याशिवाय पक्षी, मोटारी आणि मोटारसायकलीही ओळखतो.

चित्रीकरणात एक गोम आहे, आणि ती भारतात जास्त महत्त्वाची ठरते. सोबत येणारी सोनीची लेन्स 16-50 मिलिमीटरची, कॅननची 18-45 ची. फुल-फ्रेमच्या भाषेत पहिली सुमारे 24 पासून सुरू होते, दुसरी 29 पासून. दहा बाय दहाच्या खोलीत कोपऱ्यात उभे राहून चित्रीकरण करणाऱ्याला हा फरक अख्ख्या खिडकीएवढा पडतो. मात्र सोनी 4के मध्ये सेकंदाला 30 चौकटी घेताना सेन्सरचा कडेचा भाग सोडून देतो, चित्र 1.23 पटीने आवळते आणि रुंदीचा फायदा तिथल्या तिथे संपतो. 24 किंवा 25 चौकटींवर ही कपात होत नाही. कॅनन 30 वरही पूर्ण रुंदी वापरतो. म्हणजे सोनी घेणाऱ्याने पहिले काम करावे ते मेनूत जाऊन पाल, म्हणजे 25 चौकटींची पद्धत, निवडण्याचे. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. 25 चौकटी आणि सेकंदाचा पन्नासावा भाग उघडे शटर ठेवले, की प्रत्येक चौकटीत बरोबर दोन लुकलुकी येतात आणि प्रकाश स्थिर दिसतो. 30 चौकटींवर शटर सवयीने साठाव्या भागावर ठेवले तर मागच्या भिंतीवर पट्टे सरकू लागतात. भारतीय प्रेक्षकासाठी, भारतीय दिव्यांखाली 25 चौकटीच सोयीच्या, आणि तिथे सोनीचे वैगुण्य आपोआप झाकले जाते. उरतो तो त्याचा सावकाश वाचला जाणारा सेन्सर: धावत्या एसटीच्या खिडकीतून चित्रीकरण केले की विजेचे खांब तिरके झुकतात. कॅननही यातून पूर्ण सुटलेला नाही.

इथवर विचार बॉडीचा झाला. बॉडी चार-सहा वर्षांत बदलली जाते. टिकते ती लेन्स, आणि लेन्स ज्या खाचेत बसते ते माउंट. पहिला कॅमेरा घेणारा खरे तर माउंट घेत असतो, आणि दुकानात नेमकी याचीच चर्चा सर्वात कमी होते.

सोनीचे ई माउंट 2010 चे. पुढच्याच वर्षी सोनीने त्याची मूलभूत तांत्रिक माहिती इतर लेन्स-उत्पादकांना खुली केली. सिग्मा, टॅमरॉन, सॅमयांग आणि नंतर चिनी कंपन्या या माउंटसाठी लेन्स करू लागल्या. सिग्माची 30 मिलिमीटर एफ/1.4 ही एपीएस-सीसाठीची लेन्स 2016 पासून मिळते आहे. नव्याबरोबरच वापरलेल्या लेन्सचाही बाजार त्यामुळे मोठा झाला. कॅननने 2018 मध्ये आरएफ माउंट आणले ते दार लावून. व्हिलट्रॉक्स या चिनी कंपनीला 2022 मध्ये आरएफसाठीच्या ऑटोफोकस लेन्सची विक्री थांबवावी लागली. आर50 बाजारात आला तेव्हा त्याच्या आकाराला साजेशा, कॅननच्या स्वतःच्या लेन्स मोजक्याच होत्या आणि बहुतेक कमी प्रकाश आत घेणाऱ्या. 2024 मध्ये हे चित्र पालटले. सिग्मा आणि टॅमरॉन यांना एपीएस-सीपुरती परवानगी मिळाली आणि सिग्माची 18-50 एफ/2.8 आरएफ माउंटमध्ये आली. त्याआधीची आर50 ची परीक्षणे वाचून लेन्सबद्दल मत बनवणे म्हणूनच धोक्याचे.

माउंट मध्येच बंद पडले तर काय होते, याचा धडा कॅननच्याच घरात आहे. 2012 मध्ये कंपनीने लहान मिररलेससाठी ईएफ-एम माउंट काढले. एम50 सारखे कॅमेरे त्यावर भरपूर खपले. 2023 मध्ये ती मालिका संपली. ईएफ-एम लेन्स आरएफ बॉडीवर लागत नाहीत, कारण ईएफ-एममध्ये लेन्स सेन्सरपासून 18 मिलिमीटरवर बसते आणि आरएफमध्ये 20 वर. मध्ये जोडनळी बसवायला जागाच उरत नाही. डीएसएलआरच्या ईएफ लेन्सचे मात्र उलट आहे. त्यांचे अंतर 44 मिलिमीटर, त्यामुळे कॅननचा अॅडॉप्टर मध्ये घालून 1987 पासूनच्या लेन्स आर50 वर ऑटोफोकससह चालतात. घरात किंवा नात्यात कोणाचा स्टुडिओ असेल आणि कपाटात कॅननच्या जुन्या लेन्स पडून असतील, तर बाकीची तुलना तिथेच थांबवायला हरकत नाही.

सोबत मिळणाऱ्या लेन्सवर दोन्ही कंपन्यांनी काटकसर केली आहे. कॅननची 18-45 कमीत कमी एफ/4.5 वर उघडते, सोनीची 16-50 एफ/3.5 वर, म्हणजे रुंद टोकाला सोनीत दीडपटीहून जास्त प्रकाश येतो. लांबच्या टोकाला, 6.3 आणि 5.6 मध्ये, फरक किरकोळ. सोनीची लेन्स कॅमेरा सुरू करताच आपोआप बाहेर येते. कॅननची आधी हाताने पिळून उघडावी लागते, आणि ते विसरले की स्क्रीनवर सूचना झळकते. पण संध्याकाळच्या हळदीत किंवा देवळातल्या कीर्तनात दोन्ही लेन्स थकतात. तेव्हा 50 मिलिमीटर एफ/1.8 लेन्स कामी येते: एफ/5.6 च्या तुलनेत ती जवळपास दहापट प्रकाश आत घेते. कॅननची ही लेन्स 160 ग्रॅमची आणि स्वस्त आहे. सोनीच्या एपीएस-सीसाठीच्या 50 मध्ये स्थिरीकरणही आहे, जे बॉडीत नसल्याने उपयोगी पडते. बॉडीवरचे पैसे वाचवून ही दुसरी लेन्स पहिल्याच दिवशी घेणारा, महाग बॉडी आणि एकच किट लेन्स घेणाऱ्यापेक्षा बरे फोटो काढतो.

फ्लॅशबद्दल एक इशारा. आर50 च्या वरच्या खाचेत जुन्या पद्धतीचे विद्युत-संपर्क नाहीत. आधीचा फ्लॅश किंवा ट्रिगर त्यावर सरकवला तर बसतो, पण पेटत नाही. त्यासाठी एडी-ई1 हा अॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो. झेडव्ही-ई10 वर मधल्या संपर्काचा साधा ट्रिगरही चालतो.

किरकोळ खर्च दोन्हींकडे सारखाच. सोनी 4के मध्ये सेकंदाला 100 मेगाबिट नोंदवतो, म्हणजे तासाला 45 जीबी. 64 जीबीचे कार्ड सुमारे 85 मिनिटांत भरते. कार्डावर व्ही30 खूण पाहून घेणे पुरेसे. प्रमाणित चाचणीत सोनीची बॅटरी 440 फोटो आणि कॅननची स्क्रीन वापरून सुमारे 370 फोटो देते, पण चित्रीकरण करणाऱ्याला दोन्हीकडे दुसरी बॅटरी लागतेच. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने हवाबंद डबा आणि सिलिका जेलही हिशेबात धरावे. पावसाळाभर कापडी पिशवीत पडलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती काढण्याचा खर्च कधी कधी किट लेन्सच्या किमतीच्या घरात जातो.

एवढे जमेस धरले की निवड फारशी अवघड राहत नाही. घरच्यांचे, प्रवासाचे, सणवारांचे फोटो काढत छायाचित्रण शिकायचे असेल तर आर50 घ्यावा. व्ह्यूफाइंडर आणि सोपा मेनू शिकणाऱ्याला धरून ठेवतात. स्वयंपाकाचे, शिकवणीचे, मुलाखतीचे चित्रीकरण हेच काम असेल आणि मोठ्या ॲपर्चरच्या लेन्स स्वस्तात जमवायच्या असतील तर झेडव्ही-ई10. दोन्ही थोडेथोडे करायचे आहे, असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक जण प्रत्यक्षात फोटोच जास्त काढतात, तेव्हा संशयाचा फायदा आर50 ला द्यावा. कंपन्यांनीही पुढे हीच वाटणी मान्य केलेली दिसते: कॅननने 2025 मध्ये व्ह्यूफाइंडर नसलेला आर50 व्ही चित्रीकरणासाठी वेगळा काढला, तर सोनीने 2024 च्या झेडव्ही-ई10 II मध्येही व्ह्यूफाइंडर दिला नाही. या नव्या सोनीत 26 मेगापिक्सेलचा, वेगाने वाचला जाणारा सेन्सर आणि मोठी एफझेड100 बॅटरी आहे, मात्र यांत्रिक शटर काढून टाकले आहे. तो आल्यामुळे पहिला झेडव्ही-ई10 वापरलेल्या अवस्थेत बराच दिसू लागला आहे. तो घेणाऱ्याने लेन्स काढून सेन्सरवर ओरखडे नाहीत ना हे पाहावे, यूएसबी आणि माइकच्या खाचा हलवून पाहाव्यात, आणि सोबत मिळणाऱ्या जास्तीच्या एफडब्ल्यू50 बॅटऱ्यांना फार किंमत देऊ नये, कारण पुढच्या मॉडेलमध्ये त्या बसत नाहीत.