साचा आणि व्यक्ति

प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र विचार करीत बसणें मनुष्यास परवडत नाहीं. समोर आलेल्या प्रत्येक झाडाचा नव्यानें परिचय करून घ्यावयाचा म्हटलें, तर बागाइतदाराचें आयुष्य पहिल्याच ओळींत संपून जाईल. म्हणून तो झाडांच्या जाति कल्पितो आणि जातीविषयीं जें ठरविलें तें प्रत्येक व्यक्तीस लागू करितो. विचाराची ही काटकसर इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यांत नीतीचा कांहीं प्रश्न असेल अशी शंकाहि सहसा येत नाहीं. परंतु शेतकऱ्याचा सातबारा, पीकपाहणी आणि विमा हीं सारीं ज्या काळांत संगणकाच्या हवालीं झालीं आहेत, त्या काळांत हा प्रश्न टाळतां येण्यासारखा नाहीं असें आम्हांस वाटतें.

संगणकानें काय करावें हें सांगणाऱ्या आज्ञावली रचण्याच्या अनेक पद्धति आहेत. त्यांत 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड', म्हणजे वस्तुप्रधान, ही पद्धति विशेष प्रतिष्ठा पावली. तिचा उगम नॉर्वे देशांतला. ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन निगार्ड या दोघां विद्वानांनीं प्रत्यक्ष व्यवहाराची संगणकावर नक्कल करून पाहण्याकरितां 'सिम्युला' नांवाची भाषा रचिली, आणि तिच्या १९६७ सालच्या आवृत्तींत 'क्लास' ही कल्पना पुढें आली. क्लास म्हणजे साचा. त्या साच्यावरून निर्माण होणारी एकेक वस्तु म्हणजे ऑब्जेक्ट. आमच्या नरखेड तालुक्यांतील उदाहरण घ्यावयाचें तर 'संत्र्याची बाग' हा साचा. सावरगांवची, जलालखेड्याची किंवा मोवाडची अमुक एक बाग ही वस्तु. प्रत्येक बागेस क्षेत्र असावें, झाडांची संख्या असावी, बहार असावा, एवढें साचा ठरवितो. क्षेत्र किती आणि बहार आंबिया कीं मृग, हें ज्या त्या बागेपाशीं असतें.

ज्यांनीं आपलीं दर्शनें थोडींबहुत वाचलीं आहेत त्यांना येथें न्यायशास्त्राची आठवण होईल. गायी अनेक, पण त्यांतील गोत्व एक. ही जाति नित्य असून ती व्यक्तींत समवायसंबंधानें राहते, असें नैयायिक म्हणत. बौद्धांनीं तिचें स्वतंत्र अस्तित्वच नाकारलें आणि ती केवळ बुद्धीची कल्पना ठरविली. हा वाद कित्येक शतकें चालला. संगणकाच्या साच्यापुरता मात्र त्याचा निकाल सोपा आहे. हा साचा नित्य नव्हे. तो अमुक दिवशीं, अमुक माणसांनीं, अमुक हेतूनें लिहिलेला असतो. गोत्व कोणीं घडविलें हा प्रश्न निरर्थक आहे; 'लाभार्थी' नांवाचा साचा कोणीं घडविला हा प्रश्न पूर्णपणें सार्थ आहे. घडविलेल्या जातीला कर्ता असतो, आणि कर्ता आला म्हणजे त्याच्यामागून जबाबदारी येते. 'जात' या शब्दाच्या दुसऱ्या अर्थीं आमच्या समाजानें केवढा अनर्थ पाहिला, हें वाचकांस सांगावयास नको. माणसांनीं घडविलेली गोष्ट ईश्वरनिर्मित समजली गेली आणि तिचा जाब विचारणारासच अपराधी ठरविण्यांत आलें.

या पद्धतींतील दुसरी मोठी कल्पना वारशाची. एका साच्यावरून दुसरा काढला कीं पहिल्याचे गुण दुसऱ्याकडे आपोआप येतात. सोय मोठी, परंतु गुणांबरोबर दोषहि येतात. संत्र्याच्या ज्या झाडाचा डोळा घेतला त्याचा गोडवा कलमांत उतरतो, आणि त्याच्या अंगांत विषाणूचा रोग असेल तर तोहि उतरतो. म्हणूनच निरोगी मातृवृक्ष निवडण्याला जाणते लोक इतकें महत्त्व देतात. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांनीं १९९४ सालीं 'डिझाइन पॅटर्न', म्हणजे वारंवार उपयोगी पडणाऱ्या २३ रचना, एका ग्रंथांत एकत्र केल्या. वारशापेक्षां जोडणीला पसंती द्यावी, असा त्यांचा एक मुख्य उपदेश आहे. आमच्या रोपवाटिकांत हेंच घडत असतें. जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात. खुंट मुळांचें काम करितो, डोळा फळाचें. एक दुसऱ्याचा स्वभाव उचलीत नाहीं. लागवड करतांना सांधा मातीच्या वर राखतात, कारण तो गाडला गेला तर बुंध्यास डिंक्या लागण्याचें भय असतें. दोन गोष्टी कोठें जोडल्या आहेत तें उघड दिसावें, ही सावधगिरी आज्ञावली लिहिणारानेंहि शिकण्यासारखी आहे.

तथापि 'अमुक ही तमुकाच्या जातींतली' असें म्हणण्याचा अधिकार केव्हां मिळतो? अमेरिकन विदुषी बार्बारा लिस्कोव्ह यांनीं १९८७ सालीं याची एक कसोटी मांडली. मूळ साच्याच्या वस्तूऐवजीं पोटसाच्याची वस्तु ठेवली तरी वापरणाराचा भरंवसा कोठेंहि फसतां कामा नये, असा तिचा आशय आहे. भूमितींत चौरस हा आयतच होय. परंतु ज्या आज्ञावलीनें 'लांबी बदलली तरी रुंदी कायम राहील' असें आयताच्या नांवानें वचन दिलें आहे, तिच्यांत चौरस हा आयत होऊं शकत नाहीं. एक बाजू बदलली कीं त्याची दुसरी बदलावीच लागते. म्हणजे जात व्याख्येवरून ठरत नाहीं. दिलेलें वचन पाळलें जातें कीं नाहीं, यावरून ठरते. एका तांत्रिक नियमाच्या पोटीं एवढें नीतिशास्त्र दडलेलें असेल असें प्रथमदर्शनीं कोणास वाटणार नाहीं.

आतां ही कसोटी आमच्या बागांना लावून पाहूं. २०१६ सालीं देशांत पुनर्रचित हवामान आधारित पीक विमा योजना सुरू झाली व तिच्यांत संत्र्याचाहि समावेश झाला. तिची मूळ घडण अशी कीं, महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर ठराविक मुदतींत पाऊस वा तपमान ठराविक मर्यादेपलीकडे गेलें, तर त्या मंडळांतील विमा उतरलेल्या बागांना भरपाई मिळावी. बागेंत जाऊन कोणी फळें मोजीत नाहीं. बागेच्या जागीं केंद्र उभें राहतें आणि केंद्र जें म्हणेल तें बागेनें म्हटलें असें धरलें जातें. परंतु एकाच मंडळांत एका शिवारावर सर कोसळते आणि दुसरें कोरडें राहतें, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. ज्याची बाग वाळली, पण ज्याच्या मंडळाचें केंद्र ओलें राहिलें, त्याच्या बाबतींत वचन मोडलें जातें. संत्र्याचें झाड फळावर येण्यास पांच-सहा वर्षें लागतात. एवढ्या वर्षांच्या खर्चानंतर हातचा बहार गेलेल्या माणसास 'तूं मंडळाचा एक नमुना आहेस' हें उत्तर पुरत नाहीं.

याची दुसरी बाजूहि खरी आहे, आणि ती झांकून ठेवणें अन्यायाचें होईल. प्रत्येक बाग स्वतंत्रपणें पाहावयाची म्हटलें तर पाहणारा माणूस आला. त्याच्याबरोबर विलंब, ओळखपाळख आणि क्वचित् त्याहून वाईट गोष्टीहि आल्या. साचा तोंड पाहून टिळा लावीत नाहीं. कायद्यापुढें सर्व सारखे हें तत्त्वहि एक साचाच आहे. साचे मोडून व्यक्तींकडे चला, असा उपदेश करणारानें गरिबाच्या वाट्यास यंत्राची बेपर्वाई अधिक येते कीं माणसाची मर्जी, याचा आधीं विचार करावा.

तेव्हां साचा असावा. प्रश्न त्याच्या मर्यादेचा आहे. वस्तुप्रधान पद्धतींतच याला एक वाट आहे. पोटसाच्यास वारशानें आलेला नियम नेमक्या एका ठिकाणीं बदलून घेतां येतो, आणि तरीहि बाकीचा वारसा अबाधित राहतो. विमा योजनेंत गारपिटीकरितां जादा हप्ता घेऊन वैयक्तिक नुकसानीच्या पाहणीची सोय ठेवण्यांत आली, ती याच प्रकारची. अपवादाला असें दार ठेवणें हा साच्याचा दुबळेपणा नव्हे. ज्याला अपवाद ठाऊक नाहीं अशा साच्याच्या कर्त्यानें जगाकडे पुरतें पाहिलेलें नसतें.

दुसरें कर्तव्य कारण सांगण्याचें. वस्तूनें आपलें अंतरंग बाहेरच्यांपासून झांकून ठेवावें हें या पद्धतीचें प्रसिद्ध तत्त्व आहे. डेव्हिड पार्नास यांनीं १९७२ सालच्या निबंधांत रचनेसंबंधींचे निर्णय असे आंत झांकण्याची आवश्यकता फार समर्थपणें मांडली. हें झांकणें रास्तच आहे, कारण आंतील यंत्र बदललें तरी बाहेरचा व्यवहार बिघडूं नये. परंतु यंत्र झांकणें वेगळें आणि कारण झांकणें वेगळें. 'अर्ज नामंजूर' एवढीच अक्षरें ज्याच्या मोबाइलवर येतात, त्याला आज्ञावलीची घडण कळण्याची गरज नाहीं. कोणत्या केंद्राच्या कोणत्या आंकड्यानें आपलें नशीब ठरलें, हें मात्र त्याला कळलेंच पाहिजे.

'डिझाइन पॅटर्न' ही कल्पना संगणकवाल्यांनीं ज्याच्यापासून घेतली तो क्रिस्टोफर अलेक्झांडर हा वास्तुशास्त्रज्ञ होता. १९६४ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें भारतांतील एका खेड्याच्या पुनर्रचनेचें उदाहरण घेतलें आणि त्यासाठीं १४१ गरजा मोजून मांडल्या. पुढें १९७७ सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं २५३ रचनांचा संग्रह प्रसिद्ध केला; त्यांत प्रत्येक रचना माणसांच्या राहण्या-बसण्याच्या सुखाशीं बांधलेली होती. १९९६ सालीं संगणकतज्ज्ञांच्या परिषदेपुढें बोलतांना त्यानें त्यांच्या रचनांत नीतीचा अंश आहे काय, त्यांच्यामुळें माणसाचें जीवन चांगलें होतें काय, अशा आशयाचा प्रश्न केला. तेवीस रचना घेतल्या, पण हा प्रश्न मागें राहिला, असें म्हणणें कठोर वाटेल. तें खोटें आहे असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं.

संत्र्याच्या पट्ट्यांतील शेतकऱ्यांचीं मुलें आज पुणें-बंगळूरला बसून असे साचे लिहीत आहेत, आणि इकडे त्यांच्या वडिलांची बाग दुसऱ्या कोणीं लिहिलेल्या साच्यांत बसविली जात आहे. त्या मुलांनीं आपला साचा लिहितांना एवढेंच मनांत आणावें कीं, याच्या पलीकडे एक बाग आहे, तिला धनी आहे, आणि साचा चुकला तर त्याला जाब विचारण्यासाठीं जागा पाहिजे. ती जागा ठेवणें हें लिहिणाराचेंच काम आहे. संगणक तें आपण होऊन करणार नाहीं.