औषध पोचलं पाहिजे

सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी 1997 साली, हळदीने जखम भरते या आपल्या घरोघरच्या ज्ञानावर अमेरिकेत दिलेलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) रद्द करवून घेतलं. दोन्हींचा अभिमान रास्त आहे. पण हळद आपली ठरली, म्हणून ती प्रत्येक रोगावर औषध ठरत नाही.

हळदीत साधारण 3 ते 5 टक्के कर्क्युमिन, म्हणजे तिचं औषधी मानलं जाणारं पिवळं द्रव्य, असतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्यातून थोडंच शोषलं जातं आणि तेवढ्याचंही रूप यकृत भराभर पालटून टाकतं. संशोधनात रुग्णांना दिवसाला 8 ग्रॅम कर्क्युमिन देऊनही रक्तात त्याचा जेमतेम अंश सापडला.

नॅनोजेलचा विचार इथे सुरू होतो. बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) साखळ्या एकमेकींत गुंतवून केलेली, पाणी शोषून फुगलेली ही जाळी साधारण 20 ते 200 नॅनोमीटरची, म्हणजे केसाहून शेकडो पटींनी बारीक. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद हवेपासून, किडीपासून राखली जायची आणि भाव आला की पेव उघडायचे. तसं औषध या जाळीत राखायचं आणि नेमक्या जागी मोकळं करायचं. आम्लता किंवा तापमान बदललं की काही जेल एकदम फुगतात वा आक्रसतात. अमेरिकेतल्या एमआयटीत तोयोइची तानाका यांनी 1978 साली तापमानाबाबत हे दाखवलं. पुढे माशेलकरांनीही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा जेलवर संशोधन केलं.

मात्र वाहक कितीही हुशार असला तरी कच्च्या औषधाला तो पक्कं करत नाही. कर्क्युमिन मुळातच अस्थिर आहे आणि चाचण्यांत फसवे निष्कर्ष देतं, असा इशारा औषध-रसायनशास्त्रज्ञांनी 2017 साली दिला. शिवाय रक्तात सोडलेले सूक्ष्म कण यकृत आणि प्लीहा वेचून घेतात. म्हणजे प्रश्न दोन आहेत: औषध पोचतं का, आणि पोचल्यावर काम करतं का? पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा सुटत नाही.

कराडचं शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय, सांगलीचं आप्पासाहेब बिरनाळे औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आणि वाई-सांगलीची हळदीची शेतं एकमेकांपासून फार लांब नाहीत. इथल्या विद्यार्थ्यांनी नॅनोजेल जरूर करावं. पण साध्या कर्क्युमिनशी त्याची तुलना करावी आणि फसलेले प्रयोगही छापावेत. आपणही ‘नॅनो’ लिहिलेली हळदीची बाटली घेण्याआधी दुकानदाराला विचारावं: माणसांवर चाचणी झाली आहे का, आणि तिचा निष्कर्ष कुठे छापला आहे?