निरोप फेब्रुवारीत, दाखला जूनमध्ये

दहावीच्या वर्षाला शेवटचा दिवस असा नसतोच. खालच्या वर्गांना तो असतो: वार्षिक परीक्षा, मग प्रगतिपुस्तक हातात आणि सुट्टी सुरू. दहावीचं वर्ष मात्र हप्त्याहप्त्याने संपतं. जानेवारीत पूर्वपरीक्षा, फेब्रुवारीच्या आसपास निरोप समारंभ, मग अभ्यासाची सुट्टी, हॉल तिकिटासाठी एक चक्कर, मेमध्ये मोबाइलवर निकाल आणि शेवटी गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला घेण्यासाठी कार्यालयाच्या खिडकीशी रांग. २०२५ साली लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि १७ मार्चला भूगोलाच्या पेपरने संपली. दुपारी एकच्या सुमारास उत्तरपत्रिका गोळा झाल्या आणि राज्यातल्या पंधरा लाखांहून अधिक मुलांची शाळा संपली. त्यांतली कित्येक मुलं त्या वेळी स्वतःच्या शाळेत नव्हतीच. कुठल्या तरी परक्या केंद्रावर, परक्या बाकावर बसली होती.

निरोप समारंभाचा साचा साऱ्यांना पाठ आहे. मुली आईची नाहीतर मावशीची साडी नेसून, पदराला चार-चार सेफ्टी पिना लावून येतात. मनोगत सांगताना कुणी तरी मध्येच अडतं, मागच्या बाकावरची टोळी फिदीफिदी हसते आणि हसता हसता तीही गप्प होते. मग मुख्याध्यापक उठतात. दोन मिनिटं शाळेच्या आठवणी. पुढची वीस मिनिटं बारकोड नीट तपासा, समास सोडा, केंद्रावर मोबाइल आणू नका आणि यंदा शाळेचा निकाल शंभर टक्के लागलाच पाहिजे. समोसा, वेफर्स, ग्रुप फोटो. वर्गणी काढून घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ शाळेला दिलं जातं, खाली वर्गाचं नाव, साल आणि ‘सप्रेम भेट’. अनेक शाळांच्या कार्यालयात अशी तीन-चार घड्याळं शेजारी शेजारी लटकलेली दिसतात, आणि त्यांतली निम्मी बंद असतात.

यात मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षा तोंडावर आलेली असताना ते दुसरं काय बोलणार? पण इथेच गोम आहे. मुलाच्या डोक्यात दुसऱ्या कशालाही जागा नसते, नेमका तेव्हाच आपण त्याला निरोप देतो. आणि ती जागा मोकळी होते, तेव्हा शाळेचं दार बंद झालेलं असतं.

पंधरा-सोळा वर्षांच्या या मुलांच्या मनात तेव्हा काय काय दाटलेलं असतं! गणित भाग दोनपासून सुटका झाल्याचा आनंद, आणि तो झाला म्हणून थोडं अपराधी वाटणं. पहिलीपासून एका बाकावर बसलेली मैत्रीण नीटच्या तयारीसाठी लातूरला जाणार, दुसरी पॉलिटेक्निकला, आपण गावातच, याची चुटपुट. वर्षभर ज्या सरांच्या नावाने खडे फोडले, तेच सर एकाएकी बरे वाटू लागणं. शिवाय उघड बोलता न येणारं एक: शाळा आवडत नव्हती, आणि तरीही ती सुटू नये असं वाटणं. हे सगळं खरं असतं आणि एकाच वेळी असतं. घरात मात्र प्रश्न एकच येतो, ‘किती पडतील?’

वर्तमानपत्रंही हाच प्रश्न विचारतात. २०२५ च्या निकालात राज्यातल्या २११ मुलांना शंभर टक्के आणि २८५ मुलांना काठावरचे ३५ टक्के मिळाले. बातम्या झाल्या त्या या दोन टोकांच्या. पहिल्यांच्या तोंडात पेढा, दुसऱ्यांपैकी काहींची चक्क मिरवणूक. मधल्या लाखोंना काय वाटलं, हे विचारायची आपल्याकडे रीतच नाही.

परीक्षेची धास्ती हाच सगळा घोळ आहे, असं कुणी म्हणेल. तसं असतं तर २०२१ ची तुकडी सर्वांत सुखी ठरायला हवी होती. कोविडमुळे परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि ९९.९५ टक्के मुलं उत्तीर्ण झाली. पण त्या जवळपास पावणेसोळा लाख मुलांचं दहावीचं वर्ष बहुतांशी मोबाइलच्या पडद्यावर गेलं. अकरावीसाठी सीईटी जाहीर झाली, ती ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. वर ‘कोविड बॅच’ हा शिक्का बसला तो बसलाच. पेपर टळले, पण मुलांचं समाधान झालं नाही, कारण परीक्षेबरोबर शाळेतले शेवटचे महिनेही गेले होते.

मोठी माणसं मुलांच्या या घालमेलीला ‘वय असतं तसं’ म्हणून हसतात. तीच माणसं चाळिशीत व्हॉट्सॲपवर दहावीच्या वर्गाचा ग्रुप काढतात, दिवाळीच्या सुट्टीत स्नेहमेळावा भरवतात, एकसारखे टी-शर्ट शिवून घेतात, निवृत्त बाईंना बोलावून हजेरी घ्यायला लावतात आणि आपल्या पोटासकट त्या लहानशा बाकावर बसतात. इतक्या वर्षांनी हा खटाटोप कशासाठी? तेव्हा नीट निरोप घ्यायचा राहिला, हे त्याचं एक तरी कारण असणारच.

इथवरचं सगळं ज्यांना पुढचा वर्ग आहे त्यांच्याबद्दल झालं. पण दहावीनंतर सगळ्यांचीच अकरावी होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. म्हणजे पाचांत एकीहून जास्त. ग्रामीण भागातल्या मुलीला शाळेमुळे एसटीचा मोफत पास मिळतो, घराबाहेर पडायला रोजचं कारण मिळतं. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबात आई-वडील मार्चमध्ये अजून फडावर असतात आणि लेक आजीजवळ राहून पेपर देते. त्या मुलीला वर्ष संपल्याचं हायसं वाटत असेल का? तिला भीती गुणांची नसते. ती सुट्टीला भिते, आणि सुट्टीत घरी येणाऱ्या पाहुण्यांना.

उपाय खर्चाचा नाही. ऑनलाइन निकालानंतर काही दिवसांनी मूळ गुणपत्रिका शाळेतच वाटली जाते. त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक मूल शाळेत येतं. पास झालेलं, नापास झालेलं, रुसलेलं, सगळी. आज ते खिडकीत सही करून, कागद घेऊन पाच मिनिटांत बाहेर पडतं. खरा निरोप समारंभ त्या दिवशी ठेवावा. सुट्टीत शिक्षक कुठून आणायचे, ही अडचण खरी आहे. पण वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक एवढे दोघे आले तरी पुरे. भाषण नको. एक वर्ग उघडावा, मुलांना बसवावं, बोलू द्यावं. आणि दाखल्यावर ‘शाळा सोडल्याचे कारण’ लिहिण्याआधी वर्गशिक्षकांनी प्रत्येकाला विचारावं, पुढे काय ठरलंय? अकरावी, आयटीआय, पुरवणी परीक्षा, की काहीच नाही? ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्या मुलीच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन यावं, कारण जून उलटल्यावर ती कुठल्याच हजेरीपटावर नसेल.

फेब्रुवारीतला समोसा खुशाल राहू द्या. पण मुख्याध्यापकांनो, यंदा गुणपत्रिका वाटाल तेव्हा ती खिडकीतून देऊ नका.