कपाटांतील सरस्वती

सरस्वतीपूजनाच्या दिवशीं आपण ग्रंथ पाटावर मांडतो, गंधफूल वाहतो आणि विसर्जन होईपर्यंत ते वाचीत नाही. हा निर्बंध अल्पकाळाचा आहे, म्हणूनच शोभतो. परंतु पुष्कळ देवस्थानांतील ग्रंथसंग्रह पाहिले म्हणजे वाटते, तेथे विसर्जन कधी झालेच नाही. काचेआड ग्रंथ, काचेवर दात्याच्या तीर्थरूपांचे नाव आणि किल्ली अशा गृहस्थांकडे, की जे स्वतः वाचीत नाहीत आणि दुसऱ्यास देण्यास धजत नाहीत.

देवस्थानाला दिलेला ग्रंथ कोणाचा? आपल्या कायद्याने देवतेला व्यक्तित्व दिले आहे. अर्पण केलेली वस्तु तिची, व्यवस्थापक केवळ विश्वस्त. दागिन्यांपुरता हा न्याय पुरेसा आहे. दागिना पेटींत सुरक्षित राहिला की विश्वस्ताचे कर्तव्य बव्हंशी पार पडले. ग्रंथाचे तसे नाही. देवाला वाचावयाचे कांही उरलेले नाही! विद्यादान ग्रहण करणारा असेल तरच पुरे होते. एकही पान हरवू न देणारा, पण एकही पान उलटू न देणारा विश्वस्त माझ्या मते कर्तव्यच्युतच होय.

यावर आक्षेप ठरलेला आहे : हात लागला की ग्रंथ मळतो, फाटतो, जातो. आक्षेप पोकळ नाही. पण ग्रंथ टिकतात कशाने, याचा दाखला गोमंतकाइतका स्पष्ट क्वचितच मिळेल. सोळाव्या शतकांत येथील देवळे पडली, तशा पोथ्याही गेल्या. केळशीच्या कृष्णदास शामाची मराठी कृष्णकथा आणि रामायण-महाभारतांतील कोंकणी कथा उरल्या त्या पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयांत, रोमन लिपींतील नकलांच्या रूपाने. या नकला झाल्या जेझुइटांच्या गरजेपोटी. त्यांना येथील भाषा व धर्मकथा जाणून घ्यावयाच्या होत्या, आणि हेतु मैत्रीचा नव्हता. ज्यांच्यापासून ग्रंथाला भय, त्यांच्याच वाचनाने तो वाचला. आपल्या भाषेने या दोन्ही क्रियांना एकच धातु योजिला आहे, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ची कथाही पाहण्यासारखी आहे. हे मराठी काव्य १६१६ सालीं छापले गेले, पुढे आणखी दोनदा. त्या छापील प्रतींपैकी एकही आज ज्ञात नाही. १६८४ मध्ये तर देशी भाषेवरच फर्मान सुटले. काव्य मात्र राहिले, ते लोकांनी हाताने उतरून घेतलेल्या प्रतींत.

वापराने पाठ बिघडतो हेही खरे. शके १५०६ मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली ती त्यामुळेच. परंतु ती शुद्धि बारकाईने वाचणाऱ्याच्या हातूनच झाली, राखणदाराच्या नव्हे.

जीर्ण हस्तलिखिताची गोष्ट निराळी. ते जपावे आणि त्याची छायाप्रत वाचकास द्यावी. आज हे काम फारसे अवघड राहिलेले नाही. छापील कथाकादंबऱ्यांना आणि संतचरित्रांना मात्र कुलुपाचे कारणच काय? देवस्थानच्या वार्षिक अहवालांत ग्रंथ किती आहेत हे छापतात. त्याशेजारीं किती बाहेर गेले हेही छापावे. दोनचार परत येणार नाहीत. ते खर्चाच्या बाजूस मांडावे, आणि हिशेबतपासनिसाने त्यावर शेरा मारूं नये.